प्रश्न वाचकांचे : प्लग, केबल आणि ठिणगीचा हिशेब

या महिन्याच्या टपालात स्पार्क प्लगविषयीची पत्रे इतकी आली, की संपूर्ण स्तंभ त्यांनाच द्यावा असे ठरवले. पत्रे लातूर, छत्रपती संभाजीनगर, परभणी, बीड आणि धाराशिव येथून आली असून पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत. लातूरच्या वाचकांच्या उत्तरात पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया असल्यामुळे ते पत्र आधी घेतो.

लातूर येथील वाचक लिहितात : सप्रेम नमस्कार. माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक आहे. गाडी वडिलांनी घेतलेली असल्यामुळे ती विकायची नाही, असे घरात सर्वांचे मत आहे. मागील वर्षी मी तिला मोकळा एअर फिल्टर आणि इंजिनातला धूर बाहेर नेणारा चार नळ्यांचा हेडर बसवला. खालच्या वेगात गाडी उत्तम चालते, परंतु ५,००० आरपीएमच्या (मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या) पुढे पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ती मिसिंग मारते, म्हणजे मध्येच ठिणगी हुकल्यासारखी झटके देते. मिस्तरींनी प्लग आणि केबल बदलण्यास सांगितले आहे. दुकानदाराने इरिडियमचे प्लग आणि ८.५ मिलिमीटरच्या लाल रंगाच्या रेसिंग केबल दाखवल्या. या जोडीने दहा अश्वशक्ती तरी वाढेल आणि प्लग एक नंबर थंड घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय घ्यावे?

उत्तर : अश्वशक्तीचा मुद्दा आधी बाजूला करतो, कारण लोकांचा पैसा त्याच मुद्द्यावर वाया जातो. सिलिंडरमधले मिश्रण एकदा नीट पेटले, की पुढे किती ताकद मिळणार हे आत हवा आणि पेट्रोल किती आले, कॉम्प्रेशन किती आहे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पडली यांवर ठरते. ती ठिणगी इरिडियमच्या टोकावरून पडली की निकेलच्या, याचा त्यातला वाटा अगदी थोडा असतो. सुस्थितीतले साधे प्लग काढून महागडे बसवले, तर चालवणाऱ्याला जाणवेल असा फरक पडत नाही. झिजलेले प्लग आणि तडे गेलेल्या केबल बदलल्यावर मात्र गाडी एकदम मोकळी धावू लागते, आणि तो अनुभव खराच असतो. ती ताकद मुळात इंजिनाचीच होती, अर्धवट पेटणाऱ्या मिश्रणात ती हरवत होती.

आपल्या गाडीतही तेच घडत असावे. मिसिंग ५,००० च्या पुढेच का येते, हे समजून घेतले तर पुढची निवड सोपी होईल. आपल्या सिटीत व्होल्टेज वाढवून ठिणगीची वीज देणारी एकच कॉइल आहे आणि तिच्यातली वीज डिस्ट्रिब्युटर चारही प्लगांना आळीपाळीने वाटतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. म्हणजे ६,००० आरपीएमला सेकंदाला २०० ठिणग्या झाल्या, आणि दोन ठिणग्यांच्या मध्ये कॉइलला पुन्हा भरून घेण्यासाठी जेमतेम ५ मिलिसेकंद मिळतात. १,५०० आरपीएमला हाच अवकाश २० मिलिसेकंदांचा असतो. एकीकडे कॉइलची अशी ओढाताण चालू असताना दुसरीकडे पूर्ण ॲक्सिलरेटरमुळे सिलिंडरात हवा ठासून भरलेली असते, आणि दाबलेली हवा विजेला अधिक अडवते, त्यामुळे प्लगच्या दोन टोकांमधली तीच फट, म्हणजे गॅप, ओलांडायला जास्त व्होल्ट लागतात. त्यात प्लग जुना असेल, तर त्याच्या इलेक्ट्रोडचे कोपरे झिजून गोल झालेले असतात आणि १.१ मिलिमीटरची गॅप वाढत जाऊन १.३ किंवा १.४ पर्यंत पोहोचलेली असते. ठिणगीला धारदार कडेवरून उडी घेणे सोपे जाते, गोल झालेल्या कोपऱ्यावरून अवघड. या सर्व गोष्टी एकाच वेळी जुळल्या की विजेला प्लगच्या गॅपपेक्षा केबलच्या आवरणातली एखादी बारीक चीर सोपी वाटते. ती तिथून हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागावर, उतरते आणि त्या सिलिंडरचा एक स्ट्रोक वाया जातो.

म्हणून खरेदीला जाण्याआधी एक संध्याकाळ तपासणीला द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या इंजिनात प्लग हेडच्या मध्यभागी खोल विहिरींत बसलेले असतात आणि वरच्या झाकणातली रबरी सील जुनी झाली की त्या विहिरींत ऑइल साचते. केबलचे टोक वर काढून पाहा. ते ऑइलने माखलेले निघाले, तर आधी सील बदलल्या पाहिजेत, अन्यथा नव्या केबलची टोकेही काही महिन्यांत फुगून निकामी होतील. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतले पितळी किंवा ॲल्युमिनियमचे खिळे आणि रोटरचे टोक पाहा. त्यांवर पांढरट-हिरवा थर आणि खड्डे दिसत असतील, तर प्लगांइतकीच कॅप आणि रोटर यांचीही वेळ झालेली आहे. केबल मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो: दोन्ही टोकांना सुया लावून रोध पाहायचा. त्या काळातल्या होंडाच्या सर्व्हिस पुस्तिकांत एका केबलसाठी कमाल २५ हजार ओम ही मर्यादा दिलेली असे. मोजताना केबल हळूच वाकवून पाहा; वाकवल्यावर आकडा उड्या मारत असेल, तर आतला धागा तुटलेला आहे. शेवटची परीक्षा अंधारात घ्यायची आहे. गाडी अंगणात चालू ठेवून, बॉनेट उघडून, सर्व दिवे बंद करावेत आणि फवाऱ्याने केबलवर पाण्याचे अगदी बारीक तुषार सोडावेत. केबलला हात लावू नये. निळसर ठिणग्या जिथे चमकतील, तिथे आवरण फुटलेले आहे. आपल्याकडे उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ केबलवर बसते आणि मृगाच्या पहिल्या सरीत ती ओली झाली, की महिनोन्‌महिने नीट चाललेली गाडी अचानक झटके देऊ लागते. त्याचे कारण हेच.

आता प्लग. प्लगच्या अंगावर छापलेली अक्षरे वाचता आली पाहिजेत, म्हणजे दुकानात कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. उदाहरणादाखल एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ हा प्लग घ्या. त्यातला बी म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे, के म्हणजे १६ मिलिमीटरचा पाना बसणारा षट्कोन, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. आट्यांची लांबी चुकली तर मोठे नुकसान होते: लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो, आणि आखूड प्लग बसवला तर हेडमधले उरलेले आटे उघडे राहून त्यांत काजळी भरते. आपल्या गाडीच्या हँडबुकात जो क्रमांक दिला आहे तोच आधार धरावा आणि त्याच्याशी प्रत्येक अक्षर पडताळून पाहावे.

उष्णतेच्या क्रमांकाबद्दल सर्वाधिक गोंधळ आढळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. थंड प्लग म्हणजे ठिणगी थंड, असा त्याचा अर्थ नाही. प्लगच्या नाकाला लागलेली उष्णता तो किती लवकर हेडकडे पोहोचवतो, एवढेच तो क्रमांक सांगतो. चिनी मातीचे नाक आखूड असले तर उष्णतेची वाट जवळची होते आणि प्लग थंड राहतो. नाक लांब असले तर तो तापतो. नाकाचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर त्यावरची काजळी जळून जात नाही, आणि ८५० च्या बरेच पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण त्या लालबुंद टोकाने पेटू लागते, ज्यात पिस्टनला भोक पडू शकते. एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉश आणि चॅम्पियन यांच्या पद्धतीत नेमके उलटे, म्हणजे मोठा आकडा गरम. एनजीकेचा ६, डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ हे साधारण एकाच जागी बसतात. एनजीकेच्या ६ ऐवजी ७ घ्यायचा म्हणून दुकानातून बॉशचा ८ आणणारे ग्राहक मी पाहिले आहेत. त्यांनी नकळत अधिक गरम प्लग घरी नेला.

आपण एक नंबर थंड प्लग घ्यावा का? माझ्या मते घेऊ नये. क्रमांकाच्या एका पायरीने नाकाचे तापमान ७० ते १०० अंशांनी बदलते, आणि एनजीकेचाच ढोबळ नियम असा आहे, की मूळ इंजिनात ७५ ते १०० अश्वशक्तीची भर पडली तर एक पायरी थंड प्लग घ्यावा. आपल्या इंजिनाची मूळ ताकदच शंभरच्या थोडी पुढे आहे. फिल्टर आणि हेडरने त्यात जी भर पडते ती या नियमाच्या जवळपासही जात नाही. थंड प्लग घेऊन आपण गाव-शहरातल्या दहा मिनिटांच्या फेऱ्या मारू लागलात, तर तो कधी पुरेसा तापणारच नाही, काजळीने भरेल, आणि मिसिंग वरच्या वेगातून खालच्या वेगात येईल.

धातूची निवड त्या मानाने सोपी आहे. ज्याला बाजारात तांब्याचा प्लग म्हणतात, त्याची टोके निकेलच्या मिश्रधातूची असतात आणि तांबे फक्त आतल्या गाभ्यात असते. तसे ते बहुतेक सर्व आधुनिक प्लगांत असते. निकेल सुमारे १,४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम २,४४६ अंशांना. इरिडियम इतके कठीण आणि उष्णतेला टिकणारे असल्यामुळे त्याचे टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतके बारीक करता येते, तर निकेलचे टोक साधारण २.५ मिलिमीटर जाड ठेवावे लागते. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडी घेते, आणि कॉइल जुनी असलेल्या, वरच्या आरपीएमला दमणाऱ्या आपल्यासारख्या इंजिनात हा फायदा खरा आहे. म्हणून मूळ उष्णतेच्या क्रमांकाचा, मूळ गॅपचा इरिडियम प्लग आपण घेतलात तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. मात्र आपण दर वीस हजार किलोमीटरला प्लग बदलणारे शिस्तीचे गृहस्थ असाल, तर निकेलचे साधे प्लगही तेवढेच काम देतील. दोन, तीन किंवा चार कडांच्या प्लगांच्या मोहात पडू नका; ठिणगी एका वेळी एकाच कडेवर पडते.

केबलबाबत दुकानदाराचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. ८.५ मिलिमीटर हा आकडा आवरणासकट केबलच्या बाहेरच्या व्यासाचा आहे, आतून किती वीज जाणार याच्याशी त्याचा संबंध नाही. जाड सिलिकॉनचे आवरण हेडरच्या उष्णतेत अधिक टिकते, हा त्याचा खरा उपयोग, आणि आपण हेडर बसवलेला असल्यामुळे तो आपल्याला लागू पडतो. कमी रोधाच्या केबलने ठिणगी बळकट होते, हा दावाही तपासून पाहू. गॅप ओलांडली जाईपर्यंत केबलमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्या क्षणी रोधावर व्होल्टेज वाया जाण्याचा प्रश्न येत नाही. ठिणगी पेटल्यावर प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला आणि केबलचा रोध ५ हजार ओम धरला, तर घट २५० व्होल्टची येते. आणि गॅप फोडण्यासाठी लागणारा दाब दहा ते पंचवीस हजार व्होल्टचा असतो.

निवड खरी आतल्या गाभ्याची आहे. कार्बनच्या गाभ्याची केबल स्वस्त असते, विजेचा गोंगाट चांगला दाबते, पण वर्षे गेली की तिचा धागा तुटू लागतो. बारीक तार गुंडाळून केलेल्या, म्हणजे स्पायरल गाभ्याच्या केबलचा रोध कमी असतो, ती गोंगाटही दाबते आणि जास्त टिकते; आपल्यासाठी मी तीच सुचवेन. सरळ तांब्याच्या तारेची, 'शंभर टक्के कॉपर' म्हणून विकली जाणारी केबल मात्र इंजेक्शनच्या गाडीत लावू नये. तिच्यातून निघणाऱ्या लहरींनी रेडिओ खरखरतो, हे एक वेळ सोसता येईल. त्याच लहरी इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरच्या तारांत शिरल्या तर ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा, हिशेब चुकू शकतो. त्याच कारणासाठी प्लगमधला आर वगळू नका.

केबल एका वेळी एकच काढून बदलावी, म्हणजे क्रम चुकत नाही. टोपी धरून ओढावी, तार धरून नव्हे. आपल्या इंजिनाचा क्रम १-३-४-२ असा आहे; त्यामुळे ३ आणि ४, तसेच २ आणि १ या शेजारच्या सिलिंडरांत ठिणग्या लागोपाठ पडतात. या जोड्यांच्या केबल एकमेकींना चिकटून समांतर गेल्या, तर एकीतली वीज दुसरीत उतरू शकते. मूळ क्लिपा तुटल्या असतील तर नव्या आणा. केबल एकत्र बांधून टाकण्याची सवय मिस्तरींनाही सोडायला सांगा.

छत्रपती संभाजीनगर येथील वाचक विचारतात : माझ्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो आहे. तिचा ईसीयू रिमॅप करून घेतला (त्यातले मूळ हिशेब बदलून घेतले) असून बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला आहे. चौथ्या गिअरमध्ये ३,००० आरपीएमच्या आसपास जोर दिला की गाडी अडखळते. मोंढ्यातल्या दोन-तीन दुकानांत विचारले, पण या गाडीच्या प्लग केबल कोठेच मिळत नाहीत. कोठून मागवाव्यात?

उत्तर : आपल्या गाडीला प्लग केबल नाहीतच, म्हणून त्या मिळत नाहीत. या २० व्हॉल्व्हच्या टर्बो इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसते. लातूरच्या सिटीतली एकटी कॉइल ६,००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा काम करते, तर आपल्या प्रत्येक कॉइलला तेवढ्याच आरपीएमला फक्त ५० वेळा काम करावे लागते. त्यामुळे वरच्या वेगात दमण्याचा प्रश्न आपल्याला फारसा नाही. आपला अडथळा दाबाचा आहे, आणि तो ३,००० आरपीएमच्या आसपास जाणवतो याचे कारण बूस्ट आणि टॉर्क तिथे शिगेला पोहोचलेले असतात. बूस्ट वाढवला की सिलिंडरातली हवा दाट होते, गॅप ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात, आणि मूळ गाडीला योग्य असलेली गॅप नव्या दाबाला मोठी ठरते.

यावर उपाय गॅप कमी करण्याचा. वाढीव बूस्टच्या अशा इंजिनांत ०.७ मिलिमीटरच्या आसपासची गॅप नीट चालते. त्याहून खूप खाली गेलात तर ठिणगी निश्चित पडेल, पण ज्योतीचा पहिला गोळा लहान राहून आयडलला गाडी थरथरेल. उष्णतेच्या क्रमांकाबाबत मात्र लातूरच्या वाचकांना दिलेल्या सल्ल्याच्या उलट सांगतो: आपण एक पायरी थंड प्लग घ्यावा, म्हणजे हँडबुकात एनजीकेचा ६ दिला असेल तर ७. टर्बोच्या रिमॅपमधली वाढ खरी असते आणि तिच्याबरोबर येणारी उष्णताही खरी असते. ज्यांनी रिमॅप केला, त्यांनी तो कोणता क्रमांक आणि किती गॅप धरून केला हे लिहून घ्या. तो आकडा सांगता न येणाऱ्या ट्यूनरकडे इंजिन पुन्हा देऊ नका, इतके स्पष्ट मत मी नोंदवतो.

या कामासाठी निकेलचे साधे प्लग वापरून ते लवकर लवकर बदलावेत, असे मला वाटते. त्यांची गॅप फीलर गेज लावून, बाजूची पट्टी हलकेच ठोकून जुळवता येते. इरिडियमची गॅप जुळवायचीच असेल तर फक्त बाजूची पट्टी हलवावी. मधल्या बारीक टोकाला हत्यार लागले तर त्याचा टवका उडतो, आणि नाण्यासारखा गोल गेज त्यासाठी कधीही वापरू नये.

प्लग बदलूनही अडखळणे राहिले, तर कॉइल पाहा. स्कॅनरवर पी०३०३ असा कोड आला तर तिसऱ्या सिलिंडरात मिसफायर आहे. तिसरी कॉइल पहिल्या सिलिंडरावर आणि पहिली तिसऱ्यावर बसवून गाडी चालवा. कोड बदलून पी०३०१ झाला तर दोष कॉइलचा. तो ३ वरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. या एका अदलाबदलीने हजारो रुपयांची अंदाजाने होणारी खरेदी टळते. स्कोडाचा शेंद्र्याचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आपल्या शहरात या गाड्यांवर हात बसलेले मिस्तरी आहेत; त्यांच्यापैकी ज्याच्याकडे स्कॅनर आणि टॉर्क पाना दोन्ही आहेत, त्याच्याकडे जावे.

परभणी येथील वाचक विचारतात : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हाळ्यात थंड प्लग आणि हिवाळ्यात गरम प्लग लावावा, असे मिस्तरी सांगतात. आपले मत काय?

उत्तर : मिस्तरींचा हेतू चांगला आहे, परंतु हिशेब जुळत नाही. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरातल्या वायूचे तापमान २,००० अंशांच्या वर असते. बाहेरची हवा २५ अंशांची आहे की ४४ अंशांची, याने त्यात पडणारा फरक अल्प आहे. शिवाय प्लग आपली उष्णता आट्यांतून हेडला आणि हेड ती कूलंटला देते, आणि थर्मोस्टॅटमुळे कूलंट जानेवारीतही ९० अंशांच्या आसपास आणि मेमध्येही तितकेच असते. मेमध्ये तेच तापमान खूप वर जात असेल तर दोष रेडिएटर, पंखा किंवा कूलंटमध्ये शोधावा.

उन्हाळ्याचा खरा परिणाम आत घेतलेल्या हवेवर होतो. हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता साधारण एक टक्क्याने घटते, म्हणून दुपारी गाडी जड वाटते. आणि तापलेल्या हवेने नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचे ठोके देत अवेळी पेटणे, लवकर सुरू होते. लातूरच्या वाचकांनीही हे वाचावे, कारण मोकळा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि हेडर शेजारीच असतो. मध्ये पत्र्याची आडभिंत घालून फिल्टरला बाहेरची हवा मिळेल अशी सोय केली, तर परभणी-लातूरच्या मे महिन्यात तिचा उपयोग कोणत्याही प्लगपेक्षा अधिक होईल.

बीड येथील वाचक लिहितात : प्लग बदलताना मिस्तरींनी लांब पाना लावून इतका जोर दिला, की एका सिलिंडरचे आटे गेले. आता हेड बदलावे लागेल का? आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपले दुःख मला चांगले कळते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचा प्लग एका गॅरेजमध्ये गरम इंजिनातून काढला गेला आणि प्लगबरोबर ॲल्युमिनियमचे आटेही गुंडाळून बाहेर आले. प्लगच्या टोकावर ती चकचकीत वेटोळी पाहताना झालेली हळहळ अजून आठवते. हेड मात्र बदलावे लागले नाही, आणि बहुधा आपल्यालाही लागणार नाही. जुने छिद्र थोडे मोठे करून त्यात पोलादी आट्यांचा इन्सर्ट बसवता येतो. हेलिकॉइल म्हणून लेथ वर्कशॉपवाले ते काम करतात. हेड उतरवून केले तर बारीक कीस सिलिंडरात जाण्याची भीती राहत नाही, म्हणून थोडा खर्च वाढला तरी हेड उतरवूनच करून घ्या.

पुढच्या वेळी इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लगला हात लावू देऊ नका. प्लग काढण्याआधी विहिरीतली धूळ हवेने उडवून टाका. नवा प्लग पान्याने सुरू करू नका. त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून बोटांनी फिरवा, म्हणजे आटे तिरपे पकडले गेले तर नळी घसरते आणि नुकसान होत नाही. १४ मिलिमीटर आट्यांच्या, वायसर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर इतका टॉर्क पुरतो. टॉर्क पाना नसेल तर हाताने घट्ट बसल्यानंतर नव्या वायसरला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. काही गाड्यांच्या प्लगांना वायसर नसून शंकूसारखी बैठक असते. त्यांना हाताने बसल्यावर फेऱ्याचा सोळावा भागच पुरतो, आणि आटे बहुधा तिथेच जातात, कारण हात सवयीने अर्धा फेरा देतो. आट्यांना ग्रीस किंवा ॲन्टी-सीझ लावण्याचा सल्ला आपल्याला मिळेल. कंपनीने ज्या प्लगांच्या आट्यांवर मुलामा दिलेला असतो, त्यांना ते लावू नये. घर्षण कमी झाल्यामुळे त्याच टॉर्कला प्लग प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि आट्यांवर ताण येतो. केबलच्या किंवा कॉइलच्या रबरी टोपीत आतून थोडे डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस लावणे मात्र योग्य आहे, कारण त्यामुळे टोपी पुढच्या वेळी न फाटता निघते.

धाराशिव येथील वाचक विचारतात : माझ्या गाडीच्या प्लगच्या पांढऱ्या भागावर विटकरी-लाल रंगाचा थर आला आहे आणि गाडी चढावर झटके मारते. गेले सहा महिने मी टाकीत बाटलीतले ऑक्टेन बूस्टर घालत आहे. प्लग गरम लावू की थंड?

उत्तर : प्लगचा क्रमांक बदलू नका, बाटली बंद करा. नीट चाललेल्या प्लगचे नाक फिकट बदामी किंवा राखाडी असते. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त जाते आहे, ओलसर काळे ऑइल दिसले तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील पाहाव्यात, आणि पांढरे फटक, फोड आलेले नाक दिसले तर तो प्लग प्रमाणाबाहेर तापला आहे. आपला विटकरी रंग यांपैकी कशातच बसत नाही. काही ऑक्टेन बूस्टरांत फेरोसीन नावाचे लोखंडाचे संयुग असते. ते जळल्यावर प्लगवर लोहाच्या ऑक्साइडचा थर बसतो, म्हणजे तो शब्दशः गंजाचाच रंग आहे. हा थर तापला की वीज वाहू देतो, आणि चढावर इंजिनावर भार आला की ठिणगी गॅप ओलांडण्याऐवजी नाकावरून घसरून जाते. तारेच्या ब्रशने तो निघत नाही आणि घासताना चिनी मातीवर धातूच्या रेघा उमटतात, म्हणून घासण्याच्या फंदात न पडता त्याच क्रमांकाचे नवे प्लग बसवा. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक मुळातच ९५ च्या आसपास असतो. आपली गाडी त्यावर नॉक करत असेल, तर टायमिंग आणि पिस्टनवर साचलेला कार्बन तपासून घ्या, आणि जुने चार प्लग सिलिंडरांच्या क्रमाने कागदात गुंडाळून मिस्तरींना दाखवायला सोबत न्या.